पिशवीतलं लोखंड

माझ्या हणमंताची एक खोड मला त्याच्या लहानपणापासून आवडत नाही. दुखतं एकीकडं आणि बोट ठेवतो भलतीकडं. शाळेत गणित चुकलं की घरी येऊन आमटी खारट झाली म्हणायचा. लग्न झाल्यावर बायकोशी बिनसलं की गिरणीचा पट्टा सैल झाला म्हणून सकाळभर धुसफुसायचा. त्या रविवारी तर पोरीनं एवढ्या हौसेनं जपानी जेवण मांडलं होतं. हा पाटावर बसला, ताट हातभर लांब सरकवलं आणि म्हणाला, "विमानतळावर म्हणे कमरेचा पट्टासुद्धा काढून घेतात."

"घेऊ देत," मी म्हटलं. "तुझी विजार पोटावर आपोआप थांबते. जेव."

शालन, माझी सून, पदराआड हसली. तेजल हसली नाही. त्या घडीला तिला हसायला सवड नव्हती.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. तेजल हणमंताची एकुलती एक लेक. मिरजेत नर्सिंग शिकली, मग पुण्यात राहून जपानी भाषा शिकली आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, औषधं द्यायची. हो की नाही ते पुण्याच्या क्लासच्या बाईंना सोमवारी सकाळी कळवायचं होतं. नाही म्हटलं की जागा दुसरीला. आई तयार होती. बाप मात्र ना हो म्हणत होता ना नाही, नुसता विमानतळाच्या बातम्या वाचून दाखवत होता. पोरगी मला म्हणाली, "आजी, पप्पा नको म्हणाले तर मी जाणार नाही. पळून गेल्यासारखं मला जायचं नाही."

आमच्या घरात मी तिसरी शिकलेली आणि शेवटचा शब्द माझा, हे विट्यात कुणालाही विचारा. मी बोलले असते तर विषय तिथंच मिटला असता. पण परमुलखात जाण्याच्या बाबतीत मी कितीतरी वर्षं तोंड उघडत नव्हते. का, ते येईलच पुढं.

त्या दुपारी लाइट गेली म्हणून गिरणी बंद होती. नाहीतर हणमंत तिथं पिठाच्या धुरळ्यात दडून बसला असता. तो घरात सापडला हे बघूनच तेजलनं बेत ठरवला होता. तिचं म्हणणं असं, की पप्पांनी एकदा तिकडचं अन्न तोंडात घातलं की त्यांना तो देश एवढा लांबचा वाटणार नाही. मला ते काही पटलं नव्हतं, पण पोरीचा उत्साह मोडवेना.

स्वयंपाकघरात खाली वर्तमानपत्र अंथरून ती बसली होती. इंद्रायणीचा भात मऊ, चिकटसर शिजवला होता आणि त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवलं होतं. बाजूला काकडीच्या आणि गाजराच्या लांब काड्या आणि अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या. मासा नव्हता. "तिकडं कच्चा मासा घालतात," ती म्हणाली, "पण तो मी इथं आणला तर पप्पा घर सोडून जातील." पुण्याहून तिनं काळे कागद आणले होते. तसे ते कागद नव्हेत. समुद्रातलं शेवाळ वाळवून पापडासारखं पातळ केलेलं. बांबूच्या काड्यांच्या छोट्या चटईवर एक कागद ठेवायचा, वर भात थापायचा, मध्ये काड्या मांडायच्या आणि चटईसकट गुंडाळायचं. मग सुरीनं तुकडे.

"ही तर अळूवडीची मावसबहीण," मी म्हटलं. "तळायची राहिली एवढंच."

"तळत नाहीत आजी, अशीच खातात."

"तेच म्हणते मी. राहिली."

मी पण एक करून बघितली. जन्मभर अळूवड्या वळलेल्या, हात कशाला कचरतोय? पण भात जास्त झाला आणि वळकटी मधोमध फुटली.

"तुझा कागद जुना आहे," मी म्हटलं.

"असेल," तेजल म्हणाली आणि ती फुटकी वळकटी तशीच कापून माझ्याच ताटात वाढली. पोरगी माझ्यावर गेलीय.

मी घास घेतला. आधी आंबट, मग गोड, मग खारट, आणि शेवटी काकडी कुरकुरली. वाईट नव्हतं. चांगलं म्हणायची मला घाई नव्हती. पहिल्या घासाला मी कुणाचंच कौतुक करत नाही, शालन लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पुरणपोळीचंही केलं नव्हतं. मी ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा वाढून घेतला आणि दुसरा तुकडा त्याला लावून खाल्ला. तो जरा माणसात आला.

शालननं कागदाचा तुकडा नाकाशी धरला. "समुद्राचा वास येतो," ती म्हणाली. "आला म्हणायचा समुद्र घरात, एवढ्या वर्षांनी."

तो टोला मला होता. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पण टोला कुणाला बसला ते तिला ठाऊक होतं.

हणमंताचं लग्न झालं त्याच महिन्यात त्याला मस्कतला पंप बसवायच्या कामाचं बोलावणं आलं होतं. आमच्या विट्यातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. पोरगं परमुलखात जाणं आम्हाला नवं नाही. पण ती सगळी रेल्वेनं गेलेली. विमानात बसून समुद्रापलीकडं जाणारा आमच्या गल्लीतला हा पहिला. शालनच्या हातातला हिरवा चुडा नवा करकरीत होता. वर्षभरात तिलाही तिकडं न्यायचं ठरलं होतं आणि माहेरच्या मैत्रिणींना ती ते सांगून बसली होती.

आता आमच्यात हळदीच्या अंगानं वेस ओलांडायची तर जवळ लोखंड लागतं. नवरदेवाच्या हातात कट्यार देतात ती त्यासाठीच, कट्यार नसेल तर अडकित्ता. बाहेरचं काही असेल ते लोखंडाला भिऊन लांब राहतं. मी माझ्या पानाच्या डब्यातला अडकित्ता रुमालात गुंडाळला आणि त्याच्या हातातल्या पिशवीत, लाडवांच्या डब्याखाली सारला. त्याला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर हसला असता. तो मुंबईला गेल्यावर शेजारचे सुभेदार आमच्या ओट्यावर बसून सहज म्हणाले, विमानात साधी कात्रीसुद्धा नेऊ देत नाहीत. आणि दोन दिवसांनी हणमंत पेटी घेऊन दारात उभा.

अडकित्ता सापडला, हत्यार म्हणून त्याला अडवला, विमान निघून गेलं, एजंटानं त्या जागी दुसऱ्याला पाठवलं. गावानं एवढं ऐकलं आणि उरलेलं आपल्या मनानं रचलं. नाव हणमंत, पण आईनं समुद्र ओलांडू दिला नाही, असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे. माझ्या मालकांनी मरेपर्यंत तो विषय काढला नाही, पण जेवण झाल्यावर पानाचा डबा माझ्याकडं सरकवायचे तेही बंद केलं. मी पान सोडलं. शालननं मला कधी उलट उत्तर दिलं नाही. फक्त माहेरी जाताना तिची पिशवी ती दार लावून भरायची. मी कुणापुढं मान खाली घातली नाही, तो माझा स्वभाव नाही. पण पोरगी सासरी निघाली, पोरगं परगावी निघालं की बायका मला काय-काय द्यायचं ते विचारायला यायच्या, त्या येईनाशा झाल्या. आणि कुणाच्या प्रवासाबद्दल बोलायचं मीही सोडून दिलं.

म्हणून त्या दुपारीही मी नुसती तोंडी लावण्यापुरती बोलत होते.

हणमंतानं खिशातून मोबाइल काढला. "ही बघ. एका पोरीच्या बॅगेत कुणीतरी भलत्यानंच पुडी टाकली. ती बिचारी तुरुंगात."

"म्हणून बॅगेला कुलूप लावायचं आणि अनोळखी माणसाचं सामान हातात घ्यायचं नाही," तेजल म्हणाली. "क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवलं आम्हाला."

"सगळ्यांदेखत अंगावरनं यंत्र फिरवतात."

"बायकांना बायकाच तपासतात पप्पा, पडद्याआड. जत्रेच्या गर्दीत एवढी तरी लाज राखतं का कुणी?"

"बूट काढायला लावतात."

"देवळात काढतोसच की," मी म्हटलं.

"आक्का, तू विमानतळ बघितलायस का?"

"नाही. पण एसटी बघितलीय. एकदा माझ्या शेजारी एक जण मांडीवर पोतं घेऊन बसला होता. पोतं हलत होतं. विचारलं तर म्हणाला, बोकड आहे मावशी, घाबरू नका. कंडक्टरनं ना त्याला विचारलं ना बोकडाला. बसायच्या आधी ज्या गाडीत एवढं तपासतात, ती गाडी मला तरी बरी वाटते."

"एसटी जमिनीवर चालते."

"घाटात नाही चालत जमिनीवर," शालन म्हणाली. "मागच्या वर्षी तुमचा गव्हाचा ट्रक दरीत गेला. म्हणून तुम्ही गहू मागवायचा थांबवला नाही."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"वेगळं म्हणजे वेगळं." त्यानं एक तुकडा उचलला, उलटा-सुलटा करून बघितला आणि परत ठेवला. "आणि हे काय जेवण आहे? थंडगार भात. पोरगी आजारी पडली तर हिला तिकडं कोण बघणार?"

"मीच नर्स आहे, पप्पा."

"म्हणजे स्वतःच स्वतःला सुई टोचणार."

यावर शालनही हसली, तेजलही हसली, आणि मला वाटलं आता हा विरघळेल. पण कोपऱ्यात सापडल्यावर हणमंत विरघळत नाही, अंगावर येतो. त्यानं मोबाइल पालथा घातला आणि पोरीकडं बोट केलं.

"तुला एकच सांगतो, तेजल. तिथं एवढीशी चूक चालत नाही. माणूस वर्ष-वर्ष तयारी करतो, आणि घरच्यांनी पिशवीत लोखंडाचा एक तुकडा टाकलेला निघाला की संपलं सगळं. परत पाठवतात. खोटं वाटत असेल तर आजीला विचार."

माझा घास हातात राहिला. एवढ्या वर्षांत गाव बोललं, नातेवाईक बोलले, सुनेनं न बोलता बोलून घेतलं. हणमंत एकटा मला त्यावरून कधी अवाक्षर बोलला नव्हता. मी ते त्याचं मोठेपण समजत आले होते. चारचौघींत सांगायचे मी, बाकी काही असो, पोरानं मला कधी टोचलं नाही.

तेजलनं सुरी खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते.

"आजीला कशाला मध्ये ओढता?" ती म्हणाली. "आणि लोखंड सापडलं म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी गेलेय विमानानं."

"कधी?"

"गेल्या वर्षी दिल्लीला परीक्षेला गेले, ती रेल्वेनं नाही गेले. क्लासनं विमानाची तिकिटं काढली होती. तुम्ही जाऊ देणार नाही म्हणून तुम्हाला रेल्वे सांगितली. आईला माहीत होतं."

मी शालनकडं बघितलं. ती चटईला चिकटलेली भाताची शितं काढत होती, शांतपणे.

"माझ्या हातातल्या पिशवीत सफरचंद कापायची सुरी राहिली होती," तेजल म्हणाली. "यंत्रात दिसली. तिथल्या बाईनं पिशवी उघडायला लावली आणि सुरी काढून एका मोठ्या डब्यात टाकली. तो डबा भरला होता, पप्पा. कात्र्या, नट आवळायचे पाने, लायटर. कुणाचा तरी छोटा बत्तासुद्धा होता त्यात. मी रडायला लागले. मला वाटलं, झालं, आपलंही पप्पांसारखंच होणार. तर ती बाई म्हणाली, रडतेस कशाला, वस्तू इथं राहील, तू जा. आणि मी गेले. पाच मिनिटंही लागली नाहीत."

बाहेर कुणीतरी गिरणी कधी चालू होणार म्हणून हाक मारली. हाक मारणारा थोडा थांबला आणि गेला.

"तेव्हा नियम वेगळे होते," हणमंत म्हणाला.

"असतील," मी म्हटलं.

मला मनापासून वाटत होतं, की असावेत. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं अंगवळणी पडलं होतं. ते उतरवून त्या जागी दुसरं काही घ्यायची मला हौस नव्हती. त्यानं तेवढं एक वाक्य धरून ठेवलं असतं, तर मी पुढं विचारलं नसतं.

विचारलं शालननं. भाताची शितं ताटाच्या कडेला पुसली, हात पदराला पुसले आणि शेजारणीला भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाली, "मग तुम्ही परत का आलात?"

"सांगितलं ना, नियम..."

"नियमाचं नाही विचारत. तुम्हाला अडवलं का?"

हणमंतानं माझ्याकडं बघितलं. लहानपणी शाळेतून पळून यायचा तेव्हा असाच बघायचा, मी काहीतरी बोलून त्याला सोडवीन म्हणून. मी नुसता पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

तो पाणी प्यायला. मग जमिनीकडं बघत बोलायला लागला.

"अडवलं नाही. पोलिसानं अडकित्ता काढला, म्हणाला हे काय. मी म्हटलं सुपारी फोडायचा. तो हसला. त्याच्या जोडीदाराला दाखवला, तोही हसला. डब्यात टाकला आणि मला म्हणाला, जा. मी आत गेलो. तिथं खुर्च्या होत्या ओळीनं, त्यातल्या एका खुर्चीवर बसलो. समोर काच होती आणि काचेपलीकडं विमान. केवढं मोठं ते. माझ्याबरोबरची माणसं उठली, रांगेत उभी राहिली. मी म्हटलं, गर्दी कमी होऊ दे. मग गर्दी कमी झाली. मग कुणीच उरलं नाही. माझे पाय उठेनात."

"चक्कर आली होती का?" तेजलनं नर्सच्या आवाजात विचारलं.

"नाही. मला काहीही झालं नव्हतं. नुसते पाय उठले नाहीत. मग माइकवर माझं नाव पुकारलं. हॅनमँट सॅपकल, असं काहीतरी. दोनदा पुकारलं. मी मनात म्हटलं, हा मी नव्हेच. हणमंत सपकाळ म्हटले असते तर कदाचित उठलो असतो. कुणास ठाऊक. शेवटी त्यांची माणसं शोधत आली. विमानातनं माझी पेटी खाली उतरवली, त्यापायी विमान खोळंबलं. माझ्या पासपोर्टातल्या शिक्क्यांवर फुल्या मारल्या आणि मला बाहेर आणून सोडलं."

"आणि घरी येऊन आत्याबाईंचं नाव घेतलंत," शालन म्हणाली.

"नाव मी नाही घेतलं." आता त्यानं वर बघितलं. "मुंबईपासून विट्यापर्यंत एसटीत मी तेच जुळवत होतो, घरी काय सांगू. काही जुळलं नव्हतं. खरं तेच सांगायचं म्हणून दारात उभा राहिलो. आणि आक्का, तू बाहेर आलीस, माझ्या हातातली पेटी बघितलीस आणि पहिलं वाक्य काय बोललीस? अडकित्ता सापडला का रे त्यांना? मला काही बोलावंच लागलं नाही. सापडला होताच की. मी नुसती मान हलवली."

मला ते आठवलं. ओसरीवर निवडायला घेतलेले तांदूळ तसेच टाकून मी उठले होते. माझ्या मनात सुभेदारांचं वाक्य दोन दिवस घोळत होतं. पोराचं तोंड उतरलेलं दिसलं आणि माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं.

"तू पान सोडलंस तेव्हा सांगणार होतो," हणमंत म्हणाला. "मग म्हटलं, बाबांना काय वाटेल. बाबा गेले, मग म्हटलं, आता कशाला. लोक विसरत चाललेत."

"मी नव्हते विसरले," शालन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज सकाळी चहा करताना आत्याबाईंवर राग धरायचे. रोज. धरायला सोपा होता. तुमच्यावर धरावा असं कधी मनात आलं नाही."

माझ्या भावाच्या नातवाचं लग्न कोचीनला होतं, तेव्हा त्यांनी आम्हाला विमानाची तिकिटं पाठवली होती. हणमंतानं ती परत करायला लावली आणि आम्ही दोन दिवस रेल्वेत उकडत गेलो. शालनचा भाऊ दुबईला निघाला, तेव्हा त्याला सोडायला मुंबईला जायचं तर ऐनवेळी हणमंताच्या पोटात दुखलं. आणि आता महिनाभर ह्या बातम्या. पोरीच्या जिवाला धोका आहे म्हणून तो घाबरलाय, असं आम्ही समजत होतो. घाबरला तो होताच. पण त्या दारातून ह्या घरातलं एक माणूस जरी आत गेलं, तरी त्या माणसाला कळणार होतं, की तिथं वस्तू ठेवून घेतात आणि माणसाला जा म्हणतात. आणि पोरगी तर जाऊनही आली होती.

तेजल बापाजवळ सरकली. "पप्पा, मला नाही भीती वाटत. वाटली तरी मी उठेन."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हो म्हणाला नाही.

शालन माझ्यापाशी आली. माझ्या ताटातली ती फुटकी वळकटी तिनं उचलून स्वतःच्या ताटात घेतली आणि मला दुसरी, नीट वळलेली वाढली. "आत्याबाई," ती म्हणाली, "तेजलची बॅग तुम्ही भरा."

"भरीन," मी म्हटलं. "पण तिला विचारून भरीन. काय चालतं आणि काय नाही, ते तिला माहीत."

मी पाणी प्याले, ताट बाजूला सारलं आणि हणमंताकडं तोंड करून बसले. तो पाटावरच होता, मांडी घालून, पन्नाशीला टेकलेला माझा पोरगा, आणि निकालाची वाट बघत होता. त्याचा बाप गेल्यापासून घरातले निकाल मीच दिले आहेत.

"ऐक हणमंता," मी म्हटलं. "तू भ्यालास, त्यावर माझं काही म्हणणं नाही. घरी नवी बायको आणि पुढं समुद्र, भल्याभल्यांचे पाय बसतात. मी विचारलं आणि तू मान हलवलीस, तेही मी सोडलं, पोरगं दमून आलं होतं. पण मान एकदा हलवून भागत नाही बाबा, ती पुढं रोज हलवावी लागते, आणि तू हलवलीस. त्याचंही माझ्यापुरतं मी बघून घेईन. शालनचं तिच्यापाशी, ती सोडेल तेव्हा सोडेल, मी तुझी रदबदली करणार नाही. पण आता तू ह्या पोरीला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवून ठेवायला निघालायस, ते मी होऊ देणार नाही. उद्या सकाळी तिच्या बाईंना फोन तू करायचास, आणि हो म्हणायचंस. तिला सोडायला मुंबईलाही तूच जायचंस, बरोबर कुणी येणार नाही. दारापर्यंत जा, ती आत गेलेली डोळ्यांनी बघ, मग घरी ये. या खेपेला दारात मी तुला काही विचारणार नाही. काय झालं ते तू आपल्या तोंडानं सांगायचंस."